दगड नावाच्या माणसाचा शोध

३ फेब्रुवारी, सोमवार

लागली! पक्की नाही, हा माहितीपट पुरा होईपर्यंत चाचणीवर, पण नोकरी लागली. पदाचं नाव 'संशोधन सहायक'. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला कुणीतरी संशोधक म्हणून घेतलं, हे ऐकून आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा कसा होईल ते मनातल्या मनात दोनदा बघून घेतलं.

जाहिरात आईने दिली होती. वर्तमानपत्राचा तो चौकोन गेल्या आठवड्यात माझ्या चहाच्या बशीखाली होता. चारही कडा अशा सरळ की जणू पट्टी लावून कापल्यात. आईची कात्री एवढी सरळ कधीपासून चालायला लागली कुणास ठाऊक. तिला म्हटलं, "अगं, तू कापलंस हे?" तर म्हणाली, "जायचं असेल तर जा. नसेल तर बशी विसळून ठेव."

ऑफिस म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. जिन्यात शाईचा वास, आणि खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरचे पेन आपोआप चालायला लागतात. दिग्दर्शिका, मालकीण, सगळं एकच. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. मुलाखत पुढीलप्रमाणे:

"कॉलेज का सोडलं?"

"प्रमुखांशी भांडण झालं."

"चूक कुणाची?"

"त्यांची."

"त्यांना विचारलंस?"

मी टेबलावरून घरंगळणारं एक पेन पकडलं.

"उद्यापासून ये," बाई म्हणाल्या. "तुला शिकवण्यासारखं बरंच आहे."

बाईंच्या कामाची एक पद्धत आहे. चित्रपटाच्या शेवटी जी आभारांची पाटी येते ना, ती त्या शेवटी लिहीत नाहीत, पहिल्या दिवसापासून लिहायला घेतात. ज्याने दार उघडलं, ज्याने रस्ता दाखवला, ज्याने 'माहीत नाही' असं खरं सांगितलं, त्या प्रत्येकाची नोंद संशोधकाने रोज करायची. म्हणून मीही इथे रोज करणार.

आभार: बाई. आई (कात्रीसह). छापखान्याचा मालक, ज्याने 'वर' असं बोटाने दाखवलं.

५ फेब्रुवारी

विषय कळला. गावातला झाकलेला पोहण्याचा तलाव मार्च लागताच बंद होतोय. इमारत पाडून तिथे गाड्या ठेवायची जागा होणार. त्या तलावावर आयुष्यभर लोकांना पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, निवृत्त होऊनही रोज सकाळी काठावर हजर असतात. गळ्यात शिट्टी असते म्हणून सगळे त्यांना शिट्टीमावशी म्हणतात. अर्ध्या तासाचा माहितीपट त्यांच्यावर.

बाईंचा दुसरा नियम: एकाच तोंडून ऐकलेली गोष्ट चित्रपटात जात नाही. दुसरं तोंड शोधायचं. "पहिल्या तोंडाने खोटं सांगितलं म्हणून नव्हे," त्या म्हणाल्या, "माणूस आपली गोष्ट आपल्या बाजूने बघतो. आपल्याला गोष्टीला पाठही हवी."

आणि आता खरी बातमी. ऑफिसात आवाज टिपणारी एक मुलगी आहे. कायम कानांवर ते मोठे हेडफोन, म्हणून नाव पडलं कानवाली. मी आत गेलो तेव्हा ती खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती आणि खालच्या यंत्राचा आवाज ऐकत होती. डोळे न उघडता म्हणाली, "नवीन बूट आहेत. उजवा चावतोय."

चावतच होता.

मी संपलो.

६ फेब्रुवारी

दिवसभर वाचनालयाच्या तळघरात. जुन्या वर्तमानपत्रांची बाडं. तलावाच्या उद्घाटनाची बातमी सापडली. दोन वर्तमानपत्रांत दोन वेगळे पाहुणे! दोघेही छातीवर फूल लावून फीत कापतायत म्हणे. बाई खूश. "बघ, छापलेलंसुद्धा एकाच तोंडाचं असतं."

कानवाली यंत्राच्या तारा गुंडाळत होती. मी सहज, म्हणजे बऱ्याच तयारीनंतर सहज, म्हटलं, "मला पाण्याची भीती कधीच नव्हती. चार वर्षांचा असताना एका लग्नात हॉटेलच्या कारंज्यात उडी मारली होती मी. बूट-मोज्यांसकट."

"मग?"

"मग काय, आलो बाहेर."

"आणि काठावर कोण होतं?"

हा काय प्रश्न आहे? मी म्हटलं, "कुणी नाही. वऱ्हाडी जेवत होते."

ती 'हं' म्हणाली. तिच्या 'हं'वर एक पुस्तक लिहिता येईल.

आभार: वाचनालयाच्या शिपाईकाकांचे, ज्यांनी शिंका मोजून दर पाचव्या शिंकेला पाणी आणून दिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रश्नावली. हा कार्यक्रम कोण बघणार, त्यांना तलावाबद्दल काय माहीत आहे, काय बघायला आवडेल, हे आधी समजून घ्यायचं. मोठा ढीग आहे. पण बाई म्हणाल्या, सुरुवात घरापासून. "घरच्या माणसाला प्रश्न विचारायला ज्याची जीभ अडते, तो परक्याला काय विचारणार?"

आईचा कागद पाच मिनिटांत झाला. दुसऱ्यावर 'वडील' लिहिलं आणि अडलो.

मी आणि बाबा बोलत नाही. कॉलेज सोडून आलो त्या संध्याकाळपासून. मला वाटलं होतं ओरडतील, मारतील, निदान बशी तरी आपटतील. ते मोजणी कार्यालयात नकाशे काढतात, त्यांच्या रागालाही बहुतेक पट्टी लागते. चहा संपवला, कप बशीच्या बरोबर मधोमध ठेवला, आणि म्हणाले, "उडी मारलीस, ठीक. खाली पाणी आहे का बघितलं होतंस?"

बस्स. जन्मभर काठावर उभा राहिलेला माणूस मला उडीबद्दल शिकवणार! आमच्या प्रत्येक सहलीच्या फोटोत बघा: नदी असो, तळं असो, समुद्र असो, आम्ही सगळे पाण्यात, दात काढून हसतोय, आणि बाबा मागे काठावर, अनवाणी, बूट हातात, चेहरा परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा. एकदाही पाण्यात उतरले नाहीत. मी तेव्हाच म्हटलं, तुम्ही नाही मला शिकवायचं. तेव्हापासून सगळा कारभार आईमार्फत. "त्याला सांग, जिन्यातला दिवा घालव." "त्यांना सांग, घालवला."

मग कागद मीच भरला. पोहता येतं का? नाही. तलावावर कधी गेला आहात का? नाही. कार्यक्रमात काय बघायला आवडेल? काहीच नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं.

खोटं नाहीच ते. मला उत्तरं माहीतच आहेत.

१० फेब्रुवारी

बाईंनी गठ्ठा चाळला. बाबांच्या कागदावर थांबल्या.

"वडील डावखुरे आहेत का रे?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि तो कागद गठ्ठ्यात न ठेवता खणात ठेवला. असेल काही पद्धत. डावखुऱ्यांचा वेगळा गठ्ठा करत असतील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्थळपाहणी आणि मावशींशी पहिलं बोलणं. नियम असा की ज्या वेळी चित्रण करायचं त्याच वेळी जागा बघायची, म्हणून पहाटे निघालो. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं पाण्यावर येतं आणि पाण्याची जाळी छतावर हलते. क्लोरीनचा वास, गंजलेली कपाटं, फरशीचे टवके. कानवालीने काठावर एकच टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत ऐकत उभी राहिली. मी तिला ऐकताना बघत उभा राहिलो. बाईंनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली. "पाहणी जागेची आहे."

शिट्टीमावशी छोट्याशा, काटक, आवाज मात्र लाऊडस्पीकरचा. मला बघताच म्हणाल्या, "तू तो प्रश्नवाला? उभा काय आहेस खांबासारखा, बस." मग अर्धा तास काय बोलल्या! त्यांना कुणाचीच खरी नावं माहीत नाहीत. सगळी टोपणनावं. बेडूक, राणीसाहेब, साबण, टपालपेटी. आणि दगड.

दगडाची गोष्ट ऐकून मी खुर्चीच्या टोकावर आलो. चांगला मोठा बाप्या. रोज ऑफिसच्या आधी यायचा. कपड्यांची घडी अशी घालून ठेवायचा की कोपऱ्याला कोपरा. पाण्याला असा घाबरायचा की शिडी धरलेल्या हातांची बोटं पांढरी पडायची. मावशी म्हणाल्या, "बाकीचे बुडताना बोंबलतात रे. हा गुपचूप खाली जायचा, कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा. मी ओढून वर काढायचे, हा नाका-तोंडातलं पाणी पुसून म्हणायचा, 'ताई, पुन्हा एकदा.' शेवटी मी म्हटलं, दगडा, तुला एवढा छळ कशाला हवाय? तर म्हणाला, 'माझा मुलगा दिसेल त्या पाण्यात उडी मारतो. मी त्याला अडवू शकत नाही, तसा स्वभावच आहे त्याचा. पण मला त्याच्या मागून उतरता तरी आलं पाहिजे.'"

काय बाप असेल! एकेकाचं नशीब असतं.

मावशींना एकच रुखरुख आहे. तो पोहायला शिकला, घडी घालून गेला, पुन्हा आलाच नाही. "पुढे त्याला उतरावं लागलं का रे कधी? तेवढं मला कळायचं राहिलं."

आभार: मावशी, मावशी, मावशी. आणि त्या अनोळखी दगडाचे.

१४ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, हाच आपला चित्रपट. दगडापासून सुरू होईल आणि दगडापाशी संपेल. पण दुसरं तोंड हवं. "तो माणूस शोध. तलावाची शेवटची सकाळ दोन मार्चला आहे, त्यानंतर पाणी सोडून देणार. तोवर मिळाला नाही तर गोष्ट गाळायची, आणि गोष्ट गाळली तर उरतं काय? म्हातारी आणि शिट्टी."

"आणि माझी नोकरी?"

"तू संशोधक आहेस ना? मग शोध."

१७ फेब्रुवारी

तलावाची जुनी दप्तरं ओल लागून लगदा झालीत. तिकीटखिडकीवरच्या काकूंना बेडूक आठवतो, दगड नाही. 'बेडूक' आता दातांचे डॉक्टर आहेत, खुर्चीत बसवून आधी माझे दात बघितले, मग म्हणाले, "होता बुवा असा एक. सभ्य होता. टॉवेलसुद्धा घडी करून पिळायचा." 'साबण' भेटली, म्हणाली, "अरे, कोणाशीही बोलायचे नाहीत ते." माझ्या उजव्या बुटाचा तळ झिजला.

संध्याकाळी कानवालीने मावशींचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पहिल्यांदा ते हेडफोन माझ्या कानांवर! अजून गरम होते. मावशींचा आवाज: "आणि त्याचा तो मुलगा... थांब हं, आता असेल तुझ्याच..." आणि लगेच माझा आवाज: "मग पोहायला शिकायला त्यांना वेळ किती लागला?"

तिने यंत्र थांबवलं. "इथे."

"इथे काय?"

"इथे तुझा श्वास ऐकू येतो. त्या बोलत असतानाच तू पुढच्या प्रश्नासाठी श्वास भरतोस. पाहुणा अजून बसलाय आणि तू त्याच्या चपला आणून पुढ्यात ठेवतोस."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. माणूस थांबला की लगेच प्रश्न टाकू नकोस. थोडं पाणी हलू दे." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "ते कारंजं कुठल्या हॉटेलचं होतं?"

"कुठलं?"

"तू उडी मारलीस ते."

मी सांगितलं. ती पुन्हा 'हं' म्हणाली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यात कुणी माझा श्वास ऐकला नव्हता! आणि कारंज्याची गोष्ट अजून लक्षात ठेवलीय! हे प्रेम नाही तर काय आहे?

२० फेब्रुवारी

जेवताना आईला सगळं सांगितलं. म्हणजे दगडाचं. आई पोळी लाटायची थांबली.

"मग शोधलंस कुठे कुठे?"

"सगळीकडे."

"घरात विचारलंस?"

"घरात काय विचारायचं? तू कधी तलावावर गेलीस?"

"मी नाही."

"मग?"

"घरात मी एकटीच राहते का?"

मी हसलो. "बाबांना विचारू? अगं, ते बादलीसुद्धा दोन हातांनी उचलतात, हिंदकळेल म्हणून."

आईने लाटणं जरा जोरातच ठेवलं. "तुला तोंड आहे, त्यांना कान आहेत. मध्ये मी कशाला? मी काही टपालखातं नाही."

बाबा पलीकडे नकाशाचा कागद गुंडाळत होते. अचानक, आईला नाही, कुणालाच नाही, असं भिंतीला म्हणाले, "दोन बोटं लावूनच वाजवतात का अजून शिट्टी? धातूची असताना?"

मी उत्तर दिलं नाही. आईने त्यांना सांगितलं असणार. तिला मी सांगितलं होतं की नाही ते आठवत नाही, पण सांगितलंच असणार.

आज आभार कुणाचे नाहीत. रागात आहे. बरं, आईच्या पोळीचे.

२४ फेब्रुवारी

बाई पटकथेचा दुसरा मसुदा लिहायला बसल्यात. दगडाशिवाय. "तयारी ठेवावी लागते," म्हणाल्या. मी भांडलो. ओरडलोच म्हणा ना. म्हटलं, गोष्ट खरी आहे, मावशी खोटं बोलत नाहीत, तुमच्या नियमापायी तुम्ही एका बापाला कापून टाकताय! बाई शांतपणे ऐकत होत्या. मी दमल्यावर म्हणाल्या, "झालं? पाणी पी. तुझा राग मला आवडतो, तो दुसऱ्यासाठी असतो तेव्हा."

जिन्यात कानवाली भेटली. म्हणाली, "तू प्रत्येकाला विचारलंस. ज्याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे, त्याला विचारलंस का?"

"त्याला कशाला विचारायचं? उत्तर माहीतच आहे तर."

तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं. उद्या तिच्यासाठी बाम नेतो.

२६ फेब्रुवारी

शेवटचा उपाय: पत्रकं. मोठ्या अक्षरांत हाताने लिहिली. 'तलावावर ज्यांना दगड म्हणत, ते गृहस्थ कुठे आहेत? रविवारी, शेवटच्या सकाळी, शिट्टीमावशी वाट बघतायत. त्यांना तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे.' रंग वाळायला जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली आणि झोपलो.

२७ फेब्रुवारी

सकाळी बघतो तर सगळ्या पत्रकांच्या कडा कापून एकसारख्या केलेल्या. माझी वेडीवाकडी ठिगळं एकदम छापखान्यातून आल्यासारखी. आईला मिठीच मारली. "तुझे आभार कसे मानू?"

"माझे कशाला?" म्हणाली. काय विनय! हिचं नाव पाटीवर घ्यायलाच हवं.

तलावाच्या दारावर, दवाखान्यात, वाचनालयात, बसथांब्यांवर लावून आलो. बाम दिला. कानवाली म्हणाली, "मला कशाला?" आज सगळ्यांना विनयाचा झटका आलाय.

१ मार्च, शनिवार

कुणी आलं नाही, फोन नाही. एकजण आला होता, पण त्याला गाड्यांच्या जागेचं भाडं विचारायचं होतं.

उद्या शेवटची सकाळ. हरलो बहुधा. तरी खरं सांगतो, गेल्या वर्षभरात असा महिना गेला नव्हता. कुणी मला काही शिकवायला गेलं की माझ्या अंगाला काटे फुटायचे. बाईंनी फुटू दिले नाहीत की मलाच कळलं नाही, कोण जाणे. नोकरी गेली तरी आभार राहतील.

बाबा आज लवकर झोपले. कपाटात काहीतरी खुडबुड करत होते.

२ मार्च, रविवार

आज सगळं लिहितो. क्रमाने लिहितो, बाई म्हणतात तसं.

सकाळी तलाव गच्च भरला होता. बेडूक आले, साबण नातवाला घेऊन आली. मावशी काठावर, पांढरी टोपी घालून, पण नजर सारखी दाराकडे. कॅमेरावाले काका तयार. कानवालीने लांब काठीवरचा माइक पाण्यावर धरलेला. मी दारात.

आणि दारातून बाबा आले. रविवारी ऑफिसची पँट, हातात कापडी पिशवी.

माझं डोकंच फिरलं. मला न्यायला आले, सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार, असंच वाटलं. पुढे होऊन मी म्हटलं, आणि हळू म्हटलं नाही, "इथेसुद्धा? एक दिवस तरी मला माझं काम करू द्या!"

इतक्या महिन्यांत मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. त्या उंच छताखाली ते तीनदा ऐकू आलं.

बाबा म्हणाले, "तुझ्याच कामाला आलोय." आणि बाकावर बसले. बूट काढले, मोजे आत खोचले. सदरा काढला आणि मांडीवर घेऊन घडी घालायला लागले. कोपऱ्याला कोपरा.

मावशींच्या तोंडातून शिट्टी पडली.

"दगडा! मेल्या, तू आहेस होय!"

"हो, ताई."

"केस कुठे गेले तुझे?"

"गेले, ताई."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्या घडीकडे बघत होतो. मला कात्रीने कापलेला तो जाहिरातीचा चौकोन दिसत होता, पत्रकांच्या कडा दिसत होत्या, बादली धरलेले दोन हात दिसत होते.

बाबा पिशवीतली जुनी पोहायची चड्डी घालून आले आणि शिडीवरून उतरले. बोटं पांढरी पडली, मी बघितली. मग त्यांनी हात सोडला आणि पोहायला लागले. चांगलं पोहत नाहीत. डोकं वर, तोंड घट्ट मिटलेलं, पाण्याला त्रास होऊ नये अशा बेताने. पण गेले. त्या टोकाला जाऊन आले आणि मावशींच्या पायाशी काठ धरून थांबले.

बाईंनी मला पुढे ढकललं. "विचार."

हातात माझे सगळे प्रश्न लिहिलेला कागद. एकही वाचता येईना. मावशींनीच विचारलं. गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, "मग? उतरावं लागलं का रे कधी, त्याच्या मागून?"

"नाही, ताई," बाबा म्हणाले. "कधीच नाही. हा दर वेळी आपला आपण वर यायचा. नाक शिंकरत."

थांबले. मला वाटलं, झालं उत्तर. जिभेवर प्रश्न आला, श्वास भरायला छाती वर उचलली गेली, आणि समोर कानवालीचे डोळे दिसले. मी श्वास तिथेच धरला. पाणी काठाला लागून हलत होतं. कुणीच काही विचारलं नाही.

मग बाबाच म्हणाले, अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "पण मी काठावर बूट काढून उभा असायचो."

सगळे फोटो.

एकूण एक.

मी बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरलो. चित्रपटात येईल म्हणे ते. बाई म्हणाल्या, अशी उडी पटकथेत लिहिली असती तर मीच कापली असती. मला आठवतं ते एवढंच, बाबा ओरडले, "अरे, बघ तरी खोल किती आहे!" आणि त्यांनी माझी कॉलर धरली. कमरेइतकंच होतं.

आभार आज लिहिता येत नाहीत.

३ मार्च

सकाळी बाईंनी खणातून डाव्या हाताचा तो कागद काढला आणि सोबत एक कोरा दिला. "आता उजव्या हाताने आण."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मला एवढंच कळलं होतं की तू विचारलं नाहीस. कोण आहे ते मला काय माहीत? ती शंका हिला होती." कानवाली तारा गुंडाळत होती. ती म्हणाली, "मावशी म्हणाल्या तुझ्याच वयाचा, आणि तू म्हणालास कारंजं. एक तोंड तू, एक तोंड त्या. पण सांगणं माझं काम नव्हतं. मी फक्त ऐकते."

संध्याकाळी बाबांसमोर बसून विचारलं. पोहता येतं का?

"येतं. आवडत नाही."

कार्यक्रम बघाल का?

"मी त्यात असेन तर नाही."

काय बघायला आवडेल?

मी पेन खाली ठेवलं आणि थांबलो. श्वास भरला नाही. बाबांनी कप बशीच्या मधोमध ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाले, "तू काम करताना."

आत आई लाटणं आपटत नव्हती, एवढंच ऐकू आलं.

९ मार्च, रविवार

नोकरी पक्की. मावशी आता शेजारच्या गावच्या तलावावर जातात. तिथे कुणी विचारलं नाही, आपणच शिट्टी घेऊन गेल्या. आभारांची पाटी तयार झाली, वरून दुसरी ओळ 'दगड'. बाबा म्हणाले, नाव बारीक टाका. पहिल्या ओळीत मावशी. कात्रीचे आभार मी माझ्यापुरते दुरुस्त करून घेतलेत. विभागप्रमुखांकडे पुढच्या आठवड्यात जाऊन येणार आहे, दुसरं तोंड म्हणून. कॉलेजचं काय ते त्यानंतर.

आणि उद्या कानवालीला विचारणार आहे. ठरलं. आत्ता बाबा फिरायला निघण्याआधी चहा पीत होते, तेव्हा त्यांना सांगून टाकलं, कारण आता आमचं टपालखातं बंद झालंय.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "खाली पाणी आहे का बघितलंस?"

मी म्हटलं, "नाही."

बाबांनी कप बशीच्या मधोमध ठेवला, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.